मास्क वर करायचा नाही: आमच्या पहिल्या पेंटबॉलचा अनुभव

आमच्या विभागातल्या सगळ्यांनी एकदा पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंग भरलेल्या गोळ्या झाडायचा खेळ, खेळायला जावे असे एका बैठकीत ठरले, आणि त्या बैठकीला मी वीस मिनिटे उशिरा पोहोचल्यामुळे आयोजनाचे काम माझ्या गळ्यात पडले. माझे वय चव्वेचाळीस, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि शाळा सुटल्यानंतर मैदानाशी आलेला संबंध केवळ प्रेक्षकाचा. गोळी लागली तर किती दुखते, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. पण तो कोणाला विचारायची सोय उरली नव्हती, कारण आमच्या अठरा जणांपैकी बाकीचे सतरा जण तोच प्रश्न मला विचारत होते. आता सारे पार पडल्यावर त्या तीन आठवड्यांत काय काय करावे लागले, कुठे चुकले आणि कोणती भीती उगाच बाळगली होती, ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

महिन्याच्या ३ तारखेला, रविवारी, मी एकटीच मैदान पाहायला गेले. आरक्षण करण्याआधी एक फेरी मारावी, आणि तीही खेळ चालू असताना, असे माझे आता ठाम मत झाले आहे. मला पेंटबॉलमधले काहीच कळत नव्हते, तरी जाळीबाहेर अर्धा तास उभे राहिल्यावर पुष्कळ काही कळले. मैदानाभोवतीची जाळी उंच आणि सलग होती. जाळीच्या आत असलेल्या प्रत्येकाच्या, अगदी पंचांच्याही, तोंडावर मास्क होता. बाहेर येणारा प्रत्येक खेळाडू दार ओलांडण्यापूर्वी आपल्या बॅरलवर, म्हणजे गोळी सुटते त्या नळीवर, कापडी कव्हर चढवत होता आणि ते विसरणाऱ्या एका मुलाला पंचांनी दारातच अडवले. या तीन गोष्टी जिथे दिसत नाहीत तिथून सरळ घरी परत यावे.

ज्यांना खेळच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात असते त्या साधनाला बंदूक न म्हणता मार्कर म्हणतात, आणि त्यामागे इतिहास आहे: ही साधने मुळात वनखात्यातली माणसे झाडांवर लांबून खूण करण्यासाठी आणि पशुपालक गुरे ओळखण्यासाठी वापरत असत. मार्करच्या डोक्यावर हॉपर नावाचा डबा असतो, त्यात साधारण दोनशे गोळ्या मावतात. मागे किंवा खाली दाबाखालच्या हवेची टाकी असते. गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर, आणि वजन जेमतेम तीन ग्रॅम. तिचे कवच जिलेटिनचे असते आणि आतला रंग पाण्यात विरघळणारा असतो. औषधाच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीच्या यंत्रांवर तयार होतात त्याच पद्धतीने याही भरल्या जातात, हे वाचल्यावर मला आपल्या भाषेची गंमत वाटली. दवाखान्यातली गोळी आणि नळीतून सुटणारी गोळी यांना मराठीने एकच शब्द दिला, तो इथे दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

त्याच रविवारी मी आरक्षणाचा अर्ज घेतला. अर्ज दोन पानी होता: एकूण संख्या, प्रत्येकाचे वय, किती जण पहिल्यांदाच खेळणार, चष्मा वापरणारे किती, आणि मैदान आमच्यापुरते हवे की इतर गटांबरोबर चालेल. शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. स्वतंत्र मैदानासाठी किमान सोळा जणांची अट होती. ती पूर्ण झाली नसती तर अनोळखी आणि कदाचित मुरलेल्या खेळाडूंसमोर आमच्या नवख्यांना उभे राहावे लागले असते. अठरा ही संख्या त्या दृष्टीने फारच काठावरची होती, आणि ऐन वेळी तिघे गळाले असते तर सगळेच फिसकटले असते. म्हणून मी आणखी तिघांची राखीव यादी करून ठेवली. तिची गरज पडली, कारण आदल्या संध्याकाळी दोघांनी येत नसल्याचे कळवले.

खर्चाचा हिशेब मी पहिल्यांदा साफ चुकीचा केला. पैसे तीन बाबींचे असतात: प्रवेश, साहित्याचे भाडे आणि गोळ्या. पत्रकावरची ठळक रक्कम पहिल्या दोन बाबींची होती आणि तिच्यात माणशी शंभर गोळ्या धरलेल्या होत्या. शंभर गोळ्या पुष्कळ झाल्या असे ज्याने कधी मार्कर हातात धरलेला नाही त्यालाच वाटते. अखेरीस आम्ही दोन-दोन हजारांची तीन खोकी संपवली, म्हणजे माणशी सव्वातीनशेच्या वर, आणि वरच्या गोळ्यांचा खर्च प्रवेश व भाडे यांच्या एकत्रित रकमेच्या जवळपास गेला. वर्गणी ठरवतानाच गोळ्यांसाठी निम्मी रक्कम बाजूला ठेवावी. बाहेरून आणलेल्या गोळ्या चालत नाहीत, हेही अर्जात बारीक अक्षरांत लिहिलेले होते. याशिवाय साहित्यासाठी अनामत रक्कम भरावी लागली, तिची पावती मी जपून ठेवली.

यानंतरचा सर्वांत कंटाळवाणा भाग म्हणजे हमीपत्रे. खेळातले धोके मला समजावून सांगितले आहेत, मी स्वेच्छेने खेळत आहे, नियम मोडल्यास मला बाहेर काढण्याचा अधिकार पंचांना आहे, अशा आशयाचे ते पत्र प्रत्येकाने स्वतः वाचून स्वतः सही करायचे होते. आमच्या गटात एका सहकाऱ्याची चौदा वर्षांची मुलगी होती. तिच्या पत्रावर पालकाची सही आणि वयाच्या दाखल्याची प्रत लागली. हृदयविकार, डोळ्यांची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण यांविषयी वेगळा रकाना होता. कोणाला काय आजार आहे हे आयोजकाला कळण्याचे कारण नाही, म्हणून मी पत्रे बंद पाकिटांत गोळा केली. ते चांगले झाले, कारण एका बाईंनी नंतर मला सांगितले की पाकीट नसते तर त्यांनी तो रकाना कोराच सोडला असता. बाई खेळल्या नाहीत, जाळीबाहेर बसून गुण मांडत राहिल्या. पत्रे बुधवारी, २० तारखेपर्यंत पोहोचवायची होती. पंधरा वेळेत आली, उरलेल्या तिघांच्या मागे मला लागावे लागले.

१७ तारखेला मी सगळ्यांना कपड्यांविषयी कळवले: पूर्ण बाह्यांचे, सैल, एकावर एक असे दोन थर, घोट्यापर्यंतचे, तळ चांगला पकडणारे बूट, हातमोजे, आणि गळ्याभोवती गुंडाळायला जाडसर कापड. घट्ट कपड्यावर गोळी थेट अंगावर आदळल्यासारखी लागते. सैल कापड आधी स्वतः हलते आणि आघाताचा थोडा वाटा उचलते. गळ्याच्या कापडाला बहुतेकांनी हसून घेतले होते. हसणाऱ्यांपैकी एकाला मानेवर गोळी लागली, त्यानंतर तो माझेच कापड मागायला आला.

त्या आठवड्यात मी रात्री उगाच आकडेमोड करत बसले. बहुतेक मैदानांवर गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट असते. आमच्या मैदानावर भाड्याचे मार्कर २८० फुटांवर लावलेले होते. सेकंदाला २८० फूट म्हणजे ८५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३०० किलोमीटर. हा आकडा मी कोणालाही सांगितला नाही. ज्याने मला धीर दिला ती गोष्ट वेगळीच होती. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर इथल्या रानात झाला. चार्ल्स गेन्स, हेझ नोएल आणि बॉब गर्न्सी यांनी तो जुळवून आणला होता. बारा जण, प्रत्येक जण एकटा, आणि चार ठिकाणी ठेवलेली झेंड्यांची निशाणे गोळा करून बाहेर पडायचे. हातात होते झाडांवर खूण करण्याचे नेलस्पॉट ००७ नावाचे पिस्तूल. आणि जिंकला तो रिची व्हाइट नावाचा वनपाल, ज्याने सबंध खेळात एकही गोळी झाडली नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या चष्मेवाल्या बाईला याहून मोठा आधार कुठे मिळणार?

२४ तारखेला सकाळी नऊची वेळ दिली होती. आम्ही साडेआठला पोहोचलो आणि प्रत्यक्ष खेळ सुरू झाला दहा वाजून दहा मिनिटांनी. हा उशीर कोणाच्या ढिलाईमुळे झाला नव्हता. हमीपत्रे नावाशी जुळवून पाहणे, हवेच्या टाक्या भरणे, अठरा मास्क अठरा डोक्यांवर बसवणे, आणि मग क्रोनोग्राफवर प्रत्येक मार्करचा वेग मोजणे, यांतच सव्वा तास गेला. क्रोनोग्राफ म्हणजे नळीतून सुटलेल्या गोळीचा वेग दाखवणारे छोटे यंत्र. दोन मार्करचा आकडा २९५च्या आसपास आला, तेव्हा पंचांनी एका छोट्या किल्लीने स्क्रू फिरवून तो खाली आणला. आमच्यातले काही जण चुळबुळ करू लागले होते. मला मात्र तो स्क्रू फिरताना पाहून, खरे सांगायचे तर, त्या महिन्यात पहिल्यांदा बरे वाटले.

मग मास्कविषयी माहिती. ज्येष्ठ पंच म्हणाले, “बाकी काहीही विसरलात तरी चालेल, आम्ही आठवण करून देऊ; जाळीच्या आत मास्क वर करायचा नाही, हे मात्र तुम्हालाच लक्षात ठेवायचे आहे.” त्यांनी दिलेले कारण मी त्यानंतर कित्येकांना ऐकवले आहे. टेनिसचा चेंडू डोळ्यावर आला तर तो आकाराने मोठा असल्यामुळे डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कडेवर अडतो. १७ मिलिमीटरची गोळी त्या कडेपेक्षा लहान असते, ती सरळ आत बुबुळापर्यंत जाते. म्हणून पोहण्याचा किंवा मोटारसायकलचा गॉगल, कारखान्यातला चष्मा, यांतले काहीही चालत नाही. पेंटबॉलसाठीच बनवलेला, त्यासाठीच्या मानकानुसार तपासलेला आणि कान-हनुवटी झाकणारा मास्कच लागतो. पट्टा इतका आवळायचा की मान जोरात हलवली तरी मास्क सरकू नये. माझा मास्क चष्म्यावर बसेना. पहिले दोन अरुंद होते, तिसरा बसला, पण चष्म्याच्या दांड्या कानशिलांवर रुतू लागल्या. तिथे मी “चालेल” म्हणाले. चालणार नव्हते.

नियम पंधरा मिनिटांत सांगून झाले. गोळी अंगावर, कपड्यांवर किंवा मार्करवर फुटून रंगाचा ठळक डाग पडला तर खेळाडू बाद. न फुटता उडून गेली तर बाद नाही. शेजारच्या फळीवर फुटून नुसते शिंतोडे उडाले तरी बाद नाही. शंका असेल तर पंचांना बोलावून डाग तपासून घ्यायचा. बाद झाल्यावर हात वर करून तसे ओरडायचे, कव्हर चढवायचे आणि निमूट बाहेर पडायचे. न पाहता आडोशावरून नुसता हात काढून मारायचे नाही. सहा मीटरच्या आत कोणी बेसावध सापडला तर आधी त्याला शरण येण्याची संधी द्यायची. जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलून पुन्हा भरायच्या नाहीत, कारण त्या ओल शोषून फुगतात आणि बॅरलमध्ये फुटतात. मग आत रंग माखतो आणि पुढची प्रत्येक गोळी भलतीकडेच जाते. आमच्यातल्या एकाने काटकसर म्हणून हे करून पाहिलेच.

पहिला डाव साधा होता: नऊ विरुद्ध नऊ, ज्याचे सगळे भिडू बाद होतील तो संघ हरला. शिटी वाजल्यावर मी वीस पावले धावले, एका लाकडी फळीमागे बसले आणि तिथून हलले नाही. गोळ्या फळीवर आदळत होत्या; त्या आवाजाची भीती गोळीपेक्षा जास्त असते. साधारण सहाव्या मिनिटाला मी डावीकडून डोकावले, आणि उजव्या दंडावर काहीतरी सणकन बसले. ज्या प्रश्नाने तीन आठवडे छळले त्याचे उत्तर असे की ओल्या टॉवेलचा झटका बसावा तसे लागते, पाच-दहा सेकंद चुरचुरते, आणि लगेच हसू येते. दोन थर नसते तर कदाचित हसू आले नसते. लांबून आलेली गोळी त्यामानाने फारच सौम्य असते. हलकी आणि गोल असल्यामुळे तिचा वेग हवेत झपाट्याने कमी होतो आणि दूरवर गेल्यावर ती पुष्कळदा फुटतही नाही. आमच्या हिशेब शाखेतल्या काकांना अशीच एक गोळी पाठीवर लागून उडून गेली. काका प्रामाणिक, त्यांनी हात वर केला आणि चालू लागले. पंच म्हणाले की तुम्ही बाद नव्हता, पण स्वतःला बाद जाहीर केल्यावर ते मागे घेता येत नाही. काका दिवसभर त्याच मुद्द्यावर पंचांशी नियमांची चर्चा करत होते.

दुसऱ्या डावात मी जरा धीट झाले आणि तिथेच चुकले. मैदानाच्या मध्यभागी ठेवलेला झेंडा आणायचा होता. दोन आडोशांपर्यंत मी धावत गेले, धाप लागली, आणि श्वासाच्या उष्णतेने माझा चष्मा मास्कच्या आत धुकट झाला. मास्कची काच दुहेरी असल्यामुळे स्वच्छ होती. धुके होते ते चष्म्याच्या भिंगांवर, जिथे बोट पोहोचत नाही. मला अंधुक हिरव्या-पिवळ्या रंगापलीकडे काही दिसेना. आसपास गोळ्या फुटत होत्या. आणि सर्व काही ऐकलेले, समजलेले, इतरांना बजावलेले असतानाही माझा डावा हात आपोआप हनुवटीकडे गेला. विचार करून गेलेला नव्हता. चष्मा पुसायचा तर हात जातो तसा गेला. मास्क जेमतेम बोटभर उचलला असेल-नसेल, तेवढ्यात शिटी वाजली आणि कोणीतरी मोठ्याने ओरडले, “ताई, हात खाली!” पुढच्या क्षणी सगळे मैदान शांत झाले. पंचांनी धावत येऊन माझा मास्क तळहाताने तोंडावर दाबून धरला, मार्करवर कव्हर चढवायला लावले आणि हाताला धरून मला जाळीबाहेर नेले.

बाहेर आल्यावर मला वाटले होते की बोलणी बसतील. तसे काही झाले नाही. त्यांनी शांतपणे सांगितले की काच धुकट झाली तर गुडघ्यांवर बसायचे, तोंड जमिनीकडे करायचे, दोन्ही हातांनी मास्क दाबून धरायचा आणि “काच” म्हणून ओरडायचे. पंच येईपर्यंत हलायचे नाही. मग त्यांनी चौथा, अधिक खोल मास्क आणून दिला आणि चष्म्याला धुके न धरणारा द्रव लावून दिला. चष्मा असणाऱ्यांनी मास्क बसवताना माझ्यासारखे “चालेल” म्हणू नये. शक्य असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालाव्यात, नाहीतर असा द्रव आधीच लावून न्यावा, आणि धाप लागली की श्वास तोंडाने खालच्या दिशेला सोडावा. दुहेरी काच आतून खसाखसा पुसू नये, तिच्यावरचा लेप निघतो. ती पाण्यात बुडवूही नये, कारण दोन काचांच्या मध्ये पाणी शिरले की ती कायमची धुकट होते.

उरलेले चार डाव लवकर गेले. एका बाजूने किल्ला राखायचा आणि दुसरीने तो घ्यायचा, हा प्रकार सर्वांत रंगला. त्यात चौदा वर्षांच्या मुलीने एक गोष्ट सगळ्यांच्या आधी ओळखली: नवखे खेळाडू गप्प राहून खेळतात आणि म्हणून हरतात. कोण कुठे आहे, कोण पुढे सरकतो आहे, कोणाच्या गोळ्या संपल्या, हे सतत ओरडून सांगायचे असते, आणि एकाने सलग मारा करून समोरच्याला आडोशामागे दाबून ठेवले की दुसऱ्याने त्या वेळात पुढे जायचे असते. तिने आमच्या उपव्यवस्थापकांना तीनदा “काका, खाली बसा” असे दरडावले आणि ते तीनही वेळा बसले. मी शेवटच्या डावात अकरा गोळ्या झाडून एकालाही बाद केले नाही, पण अखेरपर्यंत टिकले.

साडेतीनला साहित्य परत केले. कपडे गार पाण्यात भिजवल्यावर रंग दुसऱ्या धुण्यापर्यंत निघाला. दंडावरचा वळ मध्ये फिकट आणि कडेने गडद, अगदी रेखीव वर्तुळ होता. त्याच रात्री बर्फ लावला, वळ आठ दिवसांत पिवळा होऊन नाहीसा झाला. सोमवारी कार्यालयात सगळ्यांना सर्वांत जास्त दुखत होत्या त्या मांड्या, कारण आदल्या दिवशी प्रत्येक जण शंभरेकदा उठबस करून आला होता. त्याची कोणीच मला आधी कल्पना दिली नव्हती, म्हणून ती इथे देते.

अनामत रक्कम नऊ दिवसांनी परत मिळाली. बॅरलचे एक कव्हर कमी भरल्याबद्दल तिच्यातून थोडी कपात झाली होती, आणि ते कव्हर नक्की कोणी हरवले यावर आमच्या विभागात दोन दिवस चौकशी चालली. तिसऱ्या दिवशी ते माझ्याच जॅकेटच्या खिशात सापडले. दुसऱ्या डावात मला बाहेर आणल्यावर, नवा मास्क बसवण्याच्या गडबडीत, मीच ते काढून तिथे कोंबले होते.